तेव्हा पाऊस कुठे होता?

मे महिन्यात दादाच्या मुलीचा साखरपुडा झाला, त्या रात्रीची गोष्ट. पाहुणे पांगले होते, मांडववाल्याची पोरं खाली खुर्च्या एकात एक घालत होती, आणि आम्ही घरचे दहा-बारा जण गच्चीवर सतरंज्या टाकून पडलो होतो. उरलेल्या मठ्ठ्याचं पातेलं या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत होतं. अशा वेळी कुणी ना कुणी म्हणतंच, "आत्या, ती फुलपात्राची सांग ना." मी आढेवेढे घेतले, म्हणजे घ्यायचे तेवढे घेतले, आणि सांगायला बसले. ही गोष्ट मी चांगली सांगते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, आजीची नक्कल किती करायची, सगळं बसलेलं आहे.

सांगलीचं आमचं गावभागातलं घर. मी सातवीत. आईच्या माहेरचं चांदीचं फुलपात्र एक दिवस देवघरातून नाहीसं झालं. घर उलटंपालटं करून झालं आणि मग संशय जिथे जायचा तिथेच गेला. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई आठ वर्षं आमच्याकडे होत्या, त्यांच्या हातचं पाणी मी आजारपणात प्यायलेली. आजीनं आरडाओरडा केला नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाली. बाईंनी ओले हात पदराला पुसले, कोनाड्यातली पिशवी घेतली आणि उंबऱ्याबाहेर पडल्या. मला आतून ठाऊक होतं की हे काम त्यांचं नाही. मागे धावत जावं, त्यांना सांगावं असं फार वाटत होतं. पण पाऊस! आभाळ फाटलेलं, बोळात गुडघाभर पाणी, कृष्णेला पूर, आयर्विन पुलाकडे माणसं पाणी बघायला गेलेली. मी दारात उभी राहिले, आणि पावसाच्या पडद्यामागे त्या दिसेनाशा झाल्या. इथे मी थांबते. ऐकणारे हळहळतात. गोष्ट संपते.

त्या रात्री मात्र संपली नाही. दादा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तेव्हा पाऊस कुठे होता गं? कुरडया घातल्या होत्या त्या दिवशी."

सगळे हसले. मीही हसले. "असू दे रे, गोष्टीला थोडा पाऊस लागतोच," असं काहीतरी म्हणाले, आणि विषय जावयाच्या मिशांवर गेला.

पण कुरडया काही पुराच्या दिवसांत घालत नाहीत.

पुण्याला परत आल्यावर हे माझ्या मागेच लागलं. मला तो पाऊस दिसतो. पन्हळीतून पडणारी जाड धार दिसते, दारातल्या गोणपाटाचा कुबट ओला वास येतो. आणि दादा म्हणाला त्या कुरडयाही दिसतात. पहाटे शिजवलेला गव्हाचा चीक, सोऱ्यातून चटईवर पडणारी पांढरी वेटोळी, त्यांच्यावर कडक चैत्राचं ऊन. ही दोन्ही चित्रं एकाच दिवसाची असू शकत नाहीत. त्यातलं एक मी कुठूनतरी आणून डकवलेलं आहे. कुठून, हा प्रश्न पडला आणि दुसऱ्याच एका पावसाची आठवण झाली, जो माझा नव्हता, आणि जो पाणी कमी न् शाई जास्त असा होता.

'राशोमोन' हा जुना जपानी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. लोखंडी खुर्च्या, मागे कुरकुरणारं प्रोजेक्टर, रीळ बदलताना लागणारे दिवे आणि त्या उजेडात एकमेकांकडे न बघणारी आम्ही मुलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. रानात एक सामुराई मरून पडतो, आणि डाकू, सामुराईची बायको, खुद्द मेलेला सामुराई आणि लाकूडतोड्या असे चौघं जण त्याच्या मरणाची चार तऱ्हांनी हकिगत सांगतात. तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही. कळल्याचा आव मात्र महिनाभर आणला. लक्षात राहिला तो पाऊस. पडकं अवाढव्य वेशीचं दार, त्याच्या आडोशाला बसलेली तीन माणसं, आणि छपराच्या कडेवरून दोरखंडासारखा कोसळणारा पाऊस. पडद्यावर पावसाला वजन असू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लाकूडतोड्या त्या पावसाकडे बघत पुटपुटतो, कळत नाही, काही म्हणता काही कळत नाही. चित्रपटातलं पहिलं वाक्यच ते.

तो पाऊस काळा होता, हे फार वर्षांनी त्याचा दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याच्या आत्मकथनात वाचलं. १९५० सालच्या उन्हाळ्यात क्योतोच्या दाइएइ स्टुडिओच्या आवारात ते दार उभं केलं होतं. आगीचे बंब मागवले, स्टुडिओतले होते नव्हते ते सगळे नळ जोडले, धो धो पाणी सोडलं. आणि कॅमेरा वर आभाळाकडे वळवल्यावर ध्यानात आलं की करड्या ढगाळ आभाळावर पाऊस दिसतच नाही. पडतोय खरा, माणसं भिजून निथळताहेत, पण फिल्मवर काही उमटत नाही. तेव्हा त्यांनी पाण्यात काळी शाई कालवली. मग पाऊस पावसासारखा दिसायला लागला. बाहेर तीस अंशांचा उकाडा. पण त्या दाराखाली धारा सुटल्या आणि वारा आत घुसला की अंगावर काटा यायचा, असं त्यानं लिहिलंय.

त्या साखरपुड्यानंतर हे पान मी पुन्हा काढून वाचलं. मग चित्रपटही पुन्हा पाहिला, दोनदा. घरी, रात्री, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात पावसाचा आवाज बुडतो.

आता जाणवत होतं की या चित्रपटात जे जे खरं वाटतं ते ते कुणीतरी फार कष्टानं बनवलेलं आहे. दारच घ्या. ते इतकं मोठं काढलं होतं की वरचं छप्पर पुरतं बांधलं असतं तर त्याचा भार खालच्या खांबांना पेलला नसता. म्हणून छपराचा एक भाग कोसळलेला दाखवला. अडचण होती, ती पडझड म्हणून खपवली. आज ते दार पाहताना दुष्काळ, लढाया, रोगराई, शतकभराची दुर्दशा आपल्याला त्या मोडक्या वाशांतून दिसते. असते ती सुताराची काळजी. पाऊस थांबायची वाट बघत बसलेला तो तिसरा माणूस, तो टवाळ, दाराच्याच फळ्या उचकटून शेकोटी पेटवतो. खऱ्या राजोमोनचंही, म्हणजे ज्या वेशीवरून चित्रपटाचं नाव आलं तिचंही, असंच काहीसं झालं असणार. जुन्या राजधानीची ती दक्षिणेची वेस, आज तिथे काही म्हणता काही नाही. क्योतोतल्या तोजी देवळापासून जवळच, मुलांच्या खेळायच्या एका छोट्या बागेत, दगडी खांबावर नाव कोरून ठेवलंय. मी गेलेले नाही. फोटो पाहिलाय, खांबाच्या पलीकडे घसरगुंडी आहे.

रानाचंही तसंच. नाराजवळचं ते घनदाट जंगल, तिथे झाडांवरून जळवा पडायच्या. आंबोलीला आषाढात गेलेल्यांना सांगायला नको, पण तिकडे त्या खालून चढतात, इथे वरून टपकायच्या. सकाळी मुक्कामावरून निघताना युनिटमधली माणसं मानेला, हातांना, मोज्यांना मीठ चोळून निघायची. गंमत अशी की पडद्यावर त्या रानाची भीती वाटत नाही, गुंगी येते. लाकूडतोड्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून आत आत चालत जातो, कॅमेरा कधी त्याच्या पुढे, कधी मागे, कधी पानांतून वर बघत. कुऱ्हाडीच्या पात्यावर ऊन लकाकतं. बोललं काहीच जात नाही, आणि तरी तुम्ही पुढे सरकून बसता. ते ऊन म्हणजे छायाचित्रकार काझुओ मियागावाची करामत. झाडी इतकी दाट की उजेड खाली पोचेना, म्हणून त्यानं मोठाले आरसे आणवले आणि झाडांच्या वरचं ऊन त्यांच्यावर झेलून नटांच्या चेहऱ्यांवर टाकलं. मध्ये फांद्या धरल्या, पानांच्या सावल्या चेहऱ्यांवर हलाव्यात म्हणून. शिवाय कॅमेरा थेट सूर्याकडे रोखला. तोवर असं कुणी करत नसे, फिल्म जळेल म्हणून. आपण म्हणतो, काय सुंदर ऊन पडलंय. पडलेलं नसतं, पाडलेलं असतं.

आणि या सगळ्या खटाटोपात एक मुलगी वही घेऊन बसलेली होती. तेरुयो नोगामी, वय तेवीस, दाइएइची नोकरदार, काम कंटिन्युइटीचं. कुरोसावाबरोबरचा तिचा हा पहिला चित्रपट, पुढे ती त्याच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटाला होती. मागच्या शॉटमध्ये तलवार कुठल्या हातात होती, घाम कुठवर आला होता, बाईच्या जाळीच्या टोपीचा पडदा वर होता की खाली, हे सगळं लिहून ठेवायचं. मला या कल्पनेचं हसूही येतं आणि हेवाही वाटतो. ज्या कथेत एका साक्षीदाराचं दुसऱ्याशी जमत नाही, तिथे एकीला पगार देऊन बसवलंय, जे झालं तेच टिपायला. आमच्या घरात अशी वही असती तर? तारीख अमुक, ऊन कडक, गच्चीवर कुरडया, मुलगी दारात उभी, पाय कोरडे.

'राशोमोन' हा शब्द आता वर्तमानपत्रांनी पार गुळगुळीत केलाय. दोन पुढाऱ्यांची दोन निवेदनं जुळली नाहीत की झालं राशोमोन. प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं बाबा, असा सुस्कारा टाकायचा आणि चहा मागवायचा. मला वाटतं चित्रपट इतका सोयीचा नाही. यावेळी पाहताना एक गोष्ट टोचली, जी तरुणपणी दिसली नव्हती. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे म्हणतो, मी नाही केलं. इथे उलटंच आहे. डाकू म्हणतो, मी मारलं. बायको म्हणते, माझ्याच हातून झालं असावं. मेलेला सामुराई म्हणतो, मीच माझा जीव घेतला. खुनासारखा खून प्रत्येकजण आपल्या अंगावर ओढून घेतोय. मग लपवताहेत काय? लाज. डाकूला आपण भेदरलो होतो हे सांगायचं नाही. सामुराईला आपण जिवासाठी गयावया केली हे सांगायचं नाही. खून परवडतो, फजिती नाही.

म्हणून ती शेवटची मारामारी. डाकूच्या तोंडून ऐकतो तेव्हा तलवारी कशा झळाळतात, डाकू झालेला तोशिरो मिफुने सिंहासारखा आळोखेपिळोखे देतो. सिंहासारखा हे मी उगाच म्हणत नाही, शूटिंगच्या आधी आफ्रिकेतल्या जनावरांची एक फिल्म बघताना कुरोसावानं पडद्यावरचा सिंह दाखवून त्याला सांगितलं होतं, हा बघ तुझा ताजोमारू, म्हणजे तो डाकू. तीच झुंज लाकूडतोड्या सांगतो तेव्हा दोघं धापा टाकताहेत, हात लटपटताहेत, घसरून पडताहेत, पाचोळ्यातून चार पायांवर पळताहेत. संगीत नाही. नुसते श्वास. बोळात दोन भेकड पोरांची जुंपावी तसं. ते बघताना आपल्याला बरं वाटतं, चला, हे खरं दिसतंय. आणि तेवढ्यात तो टवाळ लाकूडतोड्याला विचारतो, मोती जडवलेला तो खंजीर कुठे गेला रे?

लाकूडतोड्यानं सगळं पाहिलं होतं, सगळं सांगितलं होतं, फक्त खंजीर तेवढा गाळला होता. कारण तो त्यानंच उचलला होता. मूळ कथेत हे नाही. जपानी कथाकार अकुतागावाच्या 'झाडीत' या १९२२ सालच्या कथेत लाकूडतोड्याची ही दुसरी हकिगत मुळीच येत नाही. शिनोबू हाशिमोतो नावाच्या नवख्या लेखकानं त्या कथेवर पटकथा लिहिली होती, पण ती पूर्ण चित्रपटाला पुरेना. मग कुरोसावानं अकुतागावाच्याच दुसऱ्या कथेतलं पडकं दार आणलं, तिथे बसलेली माणसं आणली, आणि ही चौथी साक्ष जोडली. जे कमी पडत होतं ते भरून काढायला म्हणून घातलं, आणि चित्रपटाचा जीव तिथेच येऊन बसला.

शूटिंगच्या आधी स्टुडिओनं दिलेले तीन साहाय्यक दिग्दर्शक कुरोसावाच्या मुक्कामी आले होते. म्हणाले, पटकथा कळत नाही. त्यानं परत वाचायला सांगितलं, तरी हटेनात. तेव्हा त्यानं समजावलं, ते साधारण असं, की माणसाला स्वतःशीसुद्धा स्वतःबद्दल सरळ बोलता येत नाही, थोडी सजावट केल्याशिवाय आपली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. दोघांनी मान हलवली. तिसऱ्याला पटलं नाही, तो धुसफुसतच गेला. मला त्या तिसऱ्याबद्दल उगाच आपुलकी वाटते. पटलेले दोघे फार लवकर पटले असं वाटतं.

आणि मग ती टीव्हीची हकिगत. चित्रपटाला १९५१ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा पहिला पुरस्कार मिळाला. कुरोसावाला तो तिथे पाठवलाय हेही माहीत नव्हतं. जपानमध्ये राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी तो निवडायला लावला होता. त्याचा त्यानंतरचा चित्रपट आपटलेला, दाइएइनं पुढचं काम काढून घेतलेलं. त्या दिवशी तो तामा नदीवर मासे धरायला गेला तर गळ अडकून दोरीच तुटली. हात हलवत घरी आला, आणि दारातच बायकोनं बातमी दिली. पुढे पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर 'राशोमोन' दाखवला तेव्हा सोबत कंपनीच्या अध्यक्षांची मुलाखत होती. चित्रपट बनत असताना हेच अध्यक्ष नाखूश होते, तयार झाल्यावर हे कळत नाही म्हणत होते, ज्यांनी तो पुढे रेटला त्यांना त्यांनी बाजूला सारलं होतं. आता ते पडद्यावर ऐटीत सांगत होते की हा सगळा आपलाच पुढाकार. कॅमेरा पहिल्यांदा सूर्याकडे रोखला गेला त्याचंही कौतुक त्यांनी केलं, पण कुरोसावाचं किंवा मियागावाचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. ते ऐकता ऐकता कुरोसावाच्या मनात आलं, अरे, हा तर राशोमोनच!

इथवर कुणीही लिहिलं असतं. पुढचं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तो म्हणतो, मग मी तरी वेगळा कशावरून? हे आत्मकथन लिहिताना मी माझ्याबद्दल खरं लिहिलं असेल? ओंगळ भाग गाळला नसेल, थोडा वळवून घेतला नसेल? आणि तिथेच, 'राशोमोन'पाशीच, तो थांबतो. पुढची गोष्ट लिहीतच नाही. पुस्तकाचं जपानी नाव 'गामा नो आबुरा', म्हणजे बेडकाचं तेल. पूर्वी तिकडे फिरते औषधवाले हे मलम विकताना सांगायचे, की एक विचित्र बेडूक धरायचा आणि त्याला चारी बाजूंनी आरसे लावलेल्या पेटीत ठेवायचं. आपलंच ध्यान पाहून त्याला जो घाम फुटतो, तो उकळून हे औषध बनतं. कापल्या-भाजल्याला उत्तम.

तर माझा घाम.

मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगतेय त्यात माझा एक दोष मी कबूल करतेच. मी गेले नाही, धावले नाही, दारात उभी राहिले. ऐकणारे उलट माझीच समजूत घालतात, अगं तू एवढीशी, त्यात एवढा पाऊस. दर खेपेला बोळातलं पाणी थोडं चढतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बहुधा घोट्यापर्यंत असेल. पाऊस काढून टाकला तर काय उरतं? चैत्रातली कोरडी ठणठणीत दुपार. बोळ पन्नास पावलांचा. बाई हळू चालायच्या, त्यांच्या पायाला भेगा होत्या. मी हाक मारली असती तरी त्या थांबल्या असत्या. मी का गेले नाही? मला आतून ठाऊक होतं की फुलपात्र त्यांनी घेतलेलं नाही, असं मी सांगते. सातवीतल्या पोरीला आतून ठाऊक होतं म्हणजे नेमकं काय, हे कुणी कधी विचारलं नाही.

आदल्या दिवशी ते फुलपात्र मी गच्चीवर नेलं होतं. रंगवायला बसले होते, ब्रश धुवायला भांडं हवं होतं, आणि देवघरात ते हाताशी होतं. देवाचं भांडं, त्यात ब्रश बुचकळले, चांदीला जांभळं पाणी काय सुरेख दिसत होतं. नंतर मी ते खाली आणलं का? धुऊन जागेवर ठेवलं का? खरंच आठवत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ते ठेवलेलं दिसतं. खाली आणतानाचं काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी घरभर शोधाशोध चालली होती तेव्हा मी वर जाऊन पाहिलं होतं, एवढं नक्की. टाकीपाशी काही नव्हतं. म्हणजे मी खालीच आणलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि तोंड मिटून दारात येऊन उभी राहिले. बोलले असते तर आधी देवाचं भांडं विटाळल्याबद्दल आजीनं फोडून काढलं असतं. मार खायची भीती होती, दुसरं काही नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. फुलपात्र कधी सापडलं नाही. बाई पुढे कुठे कामाला लागल्या तेही माहीत नाही.

चित्रपटाचा शेवट मला पूर्वी आवडायचा नाही. दारामागे टाकून दिलेलं तान्हं बाळ सापडतं, तो टवाळ त्याच्या अंगावरचं कापडसुद्धा काढून नेतो, आणि लाकूडतोड्या ते बाळ उचलून घेतो. ओढूनताणून गोड केलंय असं मी म्हणायचे, अजूनही थोडं वाटतंच. यावेळी मात्र माझं लक्ष तान्ह्याकडे गेलं नाही. खंजिराचं बिंग फुटल्यावर लाकूडतोड्या झालेल्या ताकाशी शिमुराचा चेहरा कसा होतो तिकडे गेलं. तो नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. भिंतीला टेकून उभा राहतो आणि तोंड आतून कुणी ओढून घ्यावं तसं मिटत जातं. नंतर बाळ मागताना तो पश्चात्तापाचं वगैरे बोलत नाही. घरी सहा आहेत, सातव्याचं काय एवढं, असा नुसता हिशेब सांगतो. पाऊस तोवर थांबलेला असतो. बंबाचं पाणी बंद केलेलं असतं.

परवा रात्री दादाला फोन केला. लग्नाच्या हॉलचं ठरलं का, केटररनं किती सांगितले, असं इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "कुरडया घातल्या होत्या त्या दिवशी तू कुठे होतास रे?"

"गच्चीवर. कावळे हाकायला मलाच बसवायचे ना. दहावीचा पेपर संपल्यामुळे रिकामा होतो."

"आदल्या दिवशीपण?"

"दोन दिवस वाळवण होतं."

मी काही बोलले नाही. पलीकडे त्यांच्या जुन्या पंख्याचा कट-कट आवाज येत होता.

"जांभळं पाणी होतं त्यात," दादा म्हणाला. "मी ओतून टाकलं."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडात तयार होता. तो त्यालाही ऐकू आला असावा, कारण त्यानं घसा खाकरला आणि विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?"

मी खिडकीशी गेले. समोरचा रस्त्यावरचा दिवा आठवडाभर गेलेला आहे. पत्र्यावर आवाज चालला होता. बाहेर बघितलं तर दिसत काहीच नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.